सहा दिवसांत पाच सामने: सेवानी संघाचा १८९९ मधला रेल्वेप्रवास

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात कंबरलँड पठारावर सेवानी नावाचं लहानसं गाव आहे. ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ हे एपिस्कोपल चर्चचं विद्यापीठ तिथलं. विद्यापीठाचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, गावाच्याच नावानं त्याला सेवानी म्हणतात. १८९९ च्या नोव्हेंबरात या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ रेल्वेनं निघाला. सुमारे अडीच हजार मैल, म्हणजे चार हजार किलोमीटर प्रवास करून त्यानं सहा दिवसांत पाच सामने खेळले. पाचही जिंकले आणि पाच सामन्यांत मिळून प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण करू दिला नाही.

ही हकिकत बहुतेक वेळा पराक्रमाची म्हणून सांगतात. ती पराक्रमाची आहेच, पण त्याहून जास्त ती वेळापत्रकाची, बुटांची, पाण्याची आणि मालिशीची आहे. म्हणून इथे ती रोजच्या रोज, गाडीच्या वेगानं पाहू.

निघण्याआधी

सेवानीचा सगळ्यात मोठा वार्षिक सामना नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी असे. त्या सामन्याच्या तिकिटांवर वर्षाचा बराचसा खर्च निघायचा. १८९९ मध्ये तिकिटांच्या पैशांच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि सामना रद्द झाला. संघाचा मॅनेजर होता ल्यूक ली, वय वर्षं वीस, तिथलाच विद्यार्थी. आता खड्डा भरायचा कसा, हा प्रश्न त्याच्यापुढे होता.

त्यानं काढलेला तोडगा हिशेबी माणसाचा आहे. दौऱ्याचा मोठा खर्च म्हणजे रेल्वेचं भाडं. टेक्साससाठी एक फेरी, लुइझियानासाठी दुसरी, असं वेगवेगळं जायचं म्हटलं तर दर वेळी जाण्यायेण्याचं भाडं बसतं आणि मिळतं एका सामन्याचं उत्पन्न. त्याऐवजी एकाच वर्तुळात फिरलं, तर दूरवर पोचण्याचं भाडं एकदाच पडतं. पुढचा प्रत्येक सामना थोड्याशा वाढीव भाड्यात पदरात पडतो. पण मुक्काम वाढला की जेवणाखाण्याचा खर्च वाढतो, वर्गही बुडतात. म्हणून सामने एकमेकांना खेटून लावायचे, दिवसा खेळायचं आणि रात्री गाडीत झोपायचं.

सामने कुठे ठेवले तेही पाहण्यासारखं आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठ कॉलेज स्टेशन नावाच्या गावात, पण सामना ह्यूस्टनला. मिसिसिपी विद्यापीठ, म्हणजे ‘ओल मिस’, ऑक्सफर्ड गावात, पण सामना मेम्फिसला. आडगावात प्रेक्षक किती येणार? शहरात सामना ठेवला की तिकिटं खपतात, आणि मुख्य लोहमार्गही शहरातूनच जातो.

तारखा अशा ठरल्या: गुरुवार ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास, शुक्रवारी ह्यूस्टनमध्ये ए अँड एम, शनिवारी न्यू ऑर्लिन्सला टुलेन, सोमवारी बॅटन रूजला लुइझियाना स्टेट, मंगळवारी मेम्फिसला ओल मिस.

मोसम आधीच सुरू झाला होता. ऑक्टोबरात अटलांटाला जॉर्जिया १२–० आणि एक दिवस सोडून जॉर्जिया टेक ३२–०. मग घरच्या मैदानावर टेनेसी ४६–० आणि ३ नोव्हेंबरला साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन ५४–०. दौऱ्यावर निघताना संघाच्या खात्यात चार सामने होते आणि विरुद्ध एकही गुण नव्हता.

मंगळवार, ७ नोव्हेंबर: डोंगर उतरताना

सेवानी मुख्य लोहमार्गावर नाही. ट्रेसी सिटीच्या कोळशाच्या खाणींकडे जाणारा एक फाटा खालच्या काउअन स्टेशनातून डोंगर चढतो, त्या फाट्यावर सेवानी लागतं. म्हणजे कुठंही जायचं झालं तरी आधी सुमारे हजार फूट खाली उतरायचं, काउअनला मुख्य मार्ग गाठायचा आणि मग पुढे.

बरोबर २१ खेळाडू, प्रशिक्षक बिली सुटर, मॅनेजर ली आणि मालिशवाला कॅल बरोज. सुटर मूळचा प्रिन्स्टनचा खेळाडू. प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड ही त्या काळी या खेळाची घराणी होती आणि दक्षिणेकडची विद्यापीठं तिथून प्रशिक्षक आणत. कर्णधार हेन्री साइबल्स, मित्रमंडळीत ‘डिडी’.

सामानात सगळ्यात जड होती पाण्याची पिंपं. ट्रेमलेट स्प्रिंग या डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी भरून घेतलं होतं. आज हे हास्यास्पद वाटेल, पण त्या काळच्या दक्षिणेत ही चैन नव्हती. पाणी बदललं की पोट बिघडतं, आणि पोट बिघडलेला खेळाडू दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला नसतो. एखादा सामना असता तर गोष्ट वेगळी. इथं एकाच डब्यात सगळे झोपणार, एकाच पिंपातलं पिणार आणि रोज खेळणार. एकाला जुलाब लागले तर उद्या पाच जणांना लागणार.

आणि मग घोटाळा झाला. गाडी डोंगर उतरून पुढे गेल्यावर लक्षात आलं, की बूट घरीच राहिले!

बूट कसले होते ते कळल्याशिवाय या घोटाळ्याचं गांभीर्य कळणार नाही. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, नाडीचे चामडी बूट. तळाला चामड्याचे तुकडे एकावर एक ठेवून खिळ्यांनी ठोकलेले, म्हणजे क्लीट्स. त्या काळचा खेळ पळण्याचा कमी आणि ढकलण्याचा जास्त. जमिनीत पाय रोवून सात जणांनी समोरच्या सात जणांना मागे रेटायचं. तळाला पकड नसेल तर पाय सरकतो, आणि रेटणारा स्वतःच तोंडावर पडतो. बाजारातून नवे बूट घ्यावेत, तर कोरं चामडं पहिल्याच दिवशी टाचा आणि बोटं सोलून काढतं. एका सामन्यात आलेला फोड चालून जातो. उद्या, परवा आणि तेरवा पुन्हा तोच पाय त्याच बुटात घालायचा असेल, तर तो फोड दौरा संपवू शकतो. पायाच्या मापात मुरलेले जुनेच बूट हवेत.

लीनं घरी तार ठोकली, आणि बूट मागच्या गाडीनं येऊन संघाला मिळाले. १८९९ मध्ये तारखातं आणि रेल्वे एकाच मार्गावरून चालत होती म्हणून हे जमलं. पहिला सामना दोन दिवसांवर होता, हेही नशीबच. ऑस्टिनऐवजी पहिला सामना नॅशव्हिलला असता तर संघ घरात घालायच्या बुटांवर उतरला असता.

बुधवार, ८ नोव्हेंबर: गाडीत

दिवसभर गाडी. पश्चिमेला जायचं म्हणजे मिसिसिपी नदी ओलांडायची. मेम्फिसला १८९२ पासून रेल्वेपूल होता आणि त्याच्या खाली समुद्रापर्यंत या नदीवर दुसरा पूल नव्हता. पुढे न्यू ऑर्लिन्सला याचा परिणाम दिसेल.

इतका वेळ बसून राहिलं की मांडीच्या मागचे स्नायू आखडतात, कंबर धरते. रात्री झोपायच्या डब्यात अरुंद बर्थवर धिप्पाड माणसांनी पाय दुमडून झोपायचं. त्या काळच्या गाड्या वाफेच्या इंजिनात पाणी भरायला थांबत, तेवढाच पाय मोकळे करायला वाव. कोळशाची काजळी खिडक्यांतून आत येई, ती नाकातोंडात जाई. यातलं काही सामन्याच्या आकड्यांत दिसत नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर: ऑस्टिन. सेवानी १२, टेक्सास ०

सामन्याकडे वळण्याआधी तेव्हाचे नियम समजून घ्यायला हवेत. आज टीव्हीवर दिसतो तो खेळ आणि हा खेळ यांत नाव सोडलं तर फारसं साम्य नाही.

मैदान ११० यार्ड लांब. ३५ मिनिटांचे दोन हाफ, म्हणजे पूर्ण वेळ खेळलं तर ७० मिनिटं. चेंडू हाती असलेल्या संघाला तीन प्रयत्न, म्हणजे तीन ‘डाउन’, आणि तेवढ्यात पाच यार्ड पुढे सरकायचं. जमलं नाही तर चेंडू समोरच्याला. चेंडू पुढे फेकायला पूर्ण बंदी. ती १९०६ मध्ये उठली. टचडाउनला, म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू नेऊन जमिनीला टेकवला की, ५ गुण. त्यानंतर लाथेनं चेंडू दोन खांबांतून घालवायचा, त्या जादा गोलला १. चालू खेळात लाथेनं खांबांतून घातलेल्या फील्ड गोललाही ५, आणि सेफ्टीला, म्हणजे चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवलं की, २.

सगळ्यात महत्त्वाचा नियम बदली खेळाडूचा. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. आजच्यासारखे हल्ल्याचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे, असा प्रकार नव्हता. जे अकरा उतरले तेच हल्ला करणार, तेच बचाव करणार, तेच लाथ मारणार. म्हणून २१ जण बरोबर असले तरी मैदानावरचा भार मोजक्याच लोकांवर पडत राहिला. प्रशिक्षकापुढे रोज हाच पेच: दुखऱ्या खेळाडूला बाहेर काढलं तर आजचा सामना त्याच्याविना काढावा लागणार, ठेवलं तर उद्या तो उभा राहील की नाही याची खात्री नाही.

एक चाल जवळून पाहू. मधला खेळाडू, सेंटर, चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हाती देतो. दोन्ही संघांमध्ये आजच्यासारखी मोकळी जागा नाही, दोन्ही रांगांची डोकी जवळजवळ एकमेकांना टेकलेली. क्वार्टरबॅकला चेंडू घेऊन स्वतः रेषा ओलांडता येत नाही. त्यानं तो लगेच मागच्या कुणाला तरी द्यायचाच. समजा फुलबॅकला दिला. फुलबॅक डोकं खाली घालून रांगेतल्या फटीत घुसतो. त्याच्या मागचे दोघे त्याला पाठीत ढकलतात, पुढचा एखादा त्याच्या कपड्याला धरून खेचतो. हे सगळं नियमात बसतं. बचाव करणारे त्याला कवटाळतात, पण नुसतं पडून चाल संपत नाही. तो जोवर ‘डाउन’ म्हणून ओरडत नाही किंवा त्याला पक्का रोखून धरत नाहीत, तोवर तो रांगत पुढे सरकू शकतो. कबड्डीत रेडरला धरला तरी त्याचा हात रेषेकडे सरकत असतो, तसा हा प्रकार; फक्त वर आठदहा माणसांचा ढीग आणि त्या ढिगाच्या तळाशी पंच पाहू शकत नाही अशा गुडघे-कोपरांच्या उलाढाली. अशी एक चाल दोन यार्ड देते. तशा तीन केल्या की पाच यार्ड आणि पुन्हा तीन डाउन. हे सत्तर मिनिटं.

संरक्षणाला फार काही नव्हतं. जाड कापडाच्या, आतून कापूस भरलेल्या तुमानी, नडगीवर पट्ट्या, कुणाच्या नाकावर रबराचं टोपण. चामड्याचं शिरस्त्राण निघालं होतं, पण सक्ती नव्हती. त्याऐवजी बरेच खेळाडू केस वाढवत. त्या काळच्या फोटोंत फुटबॉलवाले ओळखू येतात ते झिपऱ्यांवरून.

टेक्सासचा संघ चांगला होता. या सामन्यात साइबल्सच्या डोक्याला खोक पडली. बदलीचा नियम वर सांगितला, तो इथे आठवावा. कर्णधारच बाहेर गेला तर गेला. जखमेवर चिकटपट्टी लावून तो खेळत राहिला आणि दोन्ही टचडाउन त्यानंच केले. दोन्हीनंतरचे जादा गोल झाले. ५ आणि १, ५ आणि १, एकूण १२.

अशा जखमेत खरा त्रास पहिल्या दिवशी नसतो. कपाळावरची किंवा डोक्यावरची खोक पट्टीनं मिटते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत डोकं घातलं की तीच उसवते. साइबल्सला दुसऱ्या दिवशीच पुन्हा सामना होता.

शुक्रवार, १० नोव्हेंबर: ह्यूस्टन. सेवानी १०, टेक्सास ए अँड एम ०

ऑस्टिन ते ह्यूस्टन सुमारे १६५ मैल, रात्रीची गाडी. हा दौऱ्यातला तुलनेनं सोपा टप्पा.

सोपा नव्हता तो सामना. जबर मेहनतीनंतर स्नायूंचं दुखणं लगेच येत नाही. ते दुसऱ्या दिवशी वाढतं आणि दोन-तीन दिवस टिकतं. मार लागलेली मांडी रात्रभर हलवली नाही तर सकाळी लाकडासारखी होते, आणि ही मंडळी रात्रभर बर्थवर आखडून पडलेली. बरोजचं काम इथे सुरू होतं. चोळायचं, घासायचं, सूज असेल तिथे पट्टी बांधायची. गाडीत आणि मैदानावर, मिळेल तेव्हा. मालिशीनं जखम भरत नाही, पण आखडलेला पाय सुटा होतो, आणि सामना सुरू होताना तेवढं पुरतं. पुढे अंग तापलं की दुखणं दबतं.

आदल्या दिवशी १२ आणि आज १०, हा फरक नुसता नशिबाचा नसतो. तेव्हा टचडाउन जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत चेंडू मैदानात मागे आणून तिथून जादा गोलची लाथ मारावी लागे. खांबांच्या मधोमध टचडाउन केला तर लाथ समोरून. कोपऱ्यात केला तर कोन इतका वाकडा की चेंडू दोन खांबांतून जाणं मुश्कील. म्हणून शहाणा खेळाडू गोलरेषा ओलांडल्यावर लगेच चेंडू टेकवत नसे. जमेल तेवढं मध्याकडे पळत जाई. दमलेल्या पायांनी हे होत नाही. रेषा ओलांडली की तिथेच लोळण. या सामन्याच्या दहा गुणांत जादा गोल एकही नाही.

सामना संपल्यावर पुन्हा स्टेशन. ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स साडेतीनशे मैलांहून जास्त. नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो, म्हणून सामना दुपारी संपतो. तो संपला की आंघोळ, जेवण आणि गाडी, आणि दुसऱ्या दुपारी पुढचा सामना. गाडीला उशीर झाला तर सामना बुडाला आणि पैसेही बुडाले. मध्ये राखीव वेळ असा जवळजवळ नव्हताच.

शनिवार, ११ नोव्हेंबर: न्यू ऑर्लिन्स. सेवानी २३, टुलेन ०

पश्चिमेकडून न्यू ऑर्लिन्सला येणारी गाडी नदीच्या अलीकडच्या काठावर थांबते. इथे मिसिसिपीवर पूल झाला तो १९३५ मध्ये. तोवर रेल्वेचे डबे रूळ बसवलेल्या फेरीबोटीवर चढवून पलीकडे नेत. गाडी तोडायची, डबे बोटीवर ढकलायचे, पलीकडे उतरवून पुन्हा जोडायचे. सकाळचा बराच वेळ त्यात जातो आणि डब्यात झोपलेल्याला प्रत्येक धक्का कळतो.

झऱ्याच्या पाण्याचा खरा उपयोग याच शहरात होता. न्यू ऑर्लिन्सला तेव्हा गाळलेल्या नळाच्या पाण्याची व्यवस्था नव्हती. घराघरांत लाकडी टाक्या, छपरावरचं पावसाचं पाणी त्यांत साठवायचं आणि तेच प्यायचं. त्या टाक्यांत डास वाढत, आणि पीतज्वर हे या शहराचं जुनं दुखणं होतं. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे अजून सिद्ध व्हायचं होतं. ते पुढच्याच वर्षी क्यूबात झालं. तेव्हा पिंप वाहून नेणाऱ्यांना नेमकं कारण ठाऊक नव्हतं. त्यांनी टाळलं ते फक्त परक्या पाण्यानं होणारं पोटाचं दुखणं, आणि ते टाळणंही पुरेसं होतं.

टुलेनचा संघ त्या मोसमात दुबळाच होता. पण तिसऱ्या सलग दिवशी समोर कोण आहे यापेक्षा आपल्यात काय उरलं आहे हा प्रश्न मोठा. दमलेला संघ कसा खेळतो? चेंडू कमी वेळ हातात ठेवून. तीन प्रयत्नांत पाच यार्ड काढण्यासाठी रांगेत घुसत राहणं सगळ्यात थकवणारं. त्यापेक्षा पहिल्या किंवा दुसऱ्याच डाउनला चेंडू लाथेनं दूर उडवायचा, याला पंट म्हणतात. चाळीस यार्डांवर चेंडू जाऊन पडतो, समोरच्याला आपल्या गोलरेषेजवळून सुरुवात करावी लागते. त्यांच्या हातून चेंडू सुटला तर आपल्याला तो त्यांच्या दाराशी मिळतो. आज पहिल्या डाउनला पंट केला तर प्रेक्षक वेड्यात काढतील, तेव्हा ती शहाणपणाची चाल होती.

त्यासाठी लाथ मारणारा भरवशाचा हवा. सेवानीकडे ऑर्मंड सिमकिन्स होता, फुलबॅक आणि पंटरही. म्हणजे रांगेत डोकं घालणारा तोच आणि चेंडू उडवणाराही तोच. पाचही सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचा भोपळा फुटला नाही, त्याचं श्रेय बचावाइतकंच या पायाला जातं.

रविवार, १२ नोव्हेंबर: विश्रांती

चर्चचं विद्यापीठ असल्यानं रविवारी सामना नाही. संघानं हा दिवस लुइझियानातल्या उसाच्या मळ्यावर काढला. नोव्हेंबर म्हणजे तिथलाही गळीत हंगाम. ऑक्टोबर ते डिसेंबर, थंडीनं ऊस मारण्याआधी तोडणी आणि गाळप उरकायचं.

या दौऱ्याबद्दल एक चटकदार वाक्य अमेरिकेत सर्रास ऐकू येतं: बायबलातल्या देवासारखी यांनीही सातव्या दिवशी विश्रांती घेतली. वाक्य झकास आहे, पण चुकीचं. विश्रांती चौथ्या दिवशी होती, आणि ती तिथे नसती तर पुढचे दोन सामने कसे झाले असते हे सांगता येत नाही.

सोमवार, १३ नोव्हेंबर: बॅटन रूज. सेवानी ३४, लुइझियाना स्टेट ०

न्यू ऑर्लिन्स ते बॅटन रूज जेमतेम ऐंशी-नव्वद मैल, नदीच्या त्याच काठानं, त्यामुळे बोटीची भानगड नाही. दौऱ्यातला सगळ्यात मोठा आकडा विश्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लागला, यात आश्चर्य नाही. लुइझियाना स्टेटला फुटबॉल सुरू होऊन सहाच वर्षं झाली होती. आज तिथे लाखाच्या घरात प्रेक्षक बसणारं स्टेडियम आहे, पण तेव्हाचं विद्यापीठ गावातल्या जुन्या लष्करी बराकींच्या आवारात होतं.

सामन्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. अवघड होतं ते त्यानंतरचं: बॅटन रूजहून मेम्फिस, नदीच्या कडेनं उत्तरेला चारशे मैलांच्या आसपास, एका रात्रीत.

मंगळवार, १४ नोव्हेंबर: मेम्फिस. सेवानी १२, ओल मिस ०

सहाव्या दिवशी पाचवा सामना. नियमाप्रमाणे पूर्ण वेळ धरला तर या सामन्याच्या शेवटी ३५० मिनिटं खेळ झालेला असतो, आणि त्यात मोजके खेळाडू जवळजवळ सगळा वेळ मैदानावर.

अशा वेळी काय बिघडतं ते क्रमानं बिघडतं. आधी पाय जातात, म्हणजे रेटा कमी होतो आणि दोन यार्डांची चाल एका यार्डावर येते. मग हात. चेंडू सुटायला लागतो. तो चेंडू आजच्यापेक्षा फुगीर, पकडायला अवघड, आणि घामानं ओला झाला की आणखीच निसरडा. शेवटी डोकं. चालींचे इशारे आकड्यांत ओरडून दिले जात, ते दमलेल्याला चुकीचे ऐकू येतात. एक जण डावीकडे, बाकीचे उजवीकडे, आणि क्वार्टरबॅक चेंडू हातात घेऊन एकटा. समोरचा संघ मात्र ताजातवाना.

आकड्यावरून पाहिलं तर पहिल्या दिवशी १२ आणि शेवटच्या दिवशीही १२. मधल्या तीन दिवसांत १०, २३, ३४. एकूण ९१ गुण, विरुद्ध शून्य. माझ्या मते यातला खरा आकडा शून्य. दमलेल्या संघाला एखादा टचडाउन मिळू शकतो, एखादी निसटती संधी पुरते. पण दमलेल्या संघानं सत्तर मिनिटांत एकदाही फट पडू न देणं, तेही पाच वेळा, हे नुसत्या संधीनं होत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे जोडायला हवी. त्या नियमांत गुण होणंच अवघड होतं. पुढे फेक नाही, तीनच डाउन, आणि पंटची सवय. शून्यावर राहणारे संघ तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त दिसत.

परतल्यावर

मेम्फिसहून संघ पुन्हा डोंगरावर आला. सहाच दिवसांनी, २० नोव्हेंबरला, घरच्या मैदानावर कंबरलँड विद्यापीठाला ७१–० असं हरवलं.

मोसमातला सगळ्यात कठीण सामना मात्र ३० नोव्हेंबरला मॉन्टगोमरीला झाला. समोर ऑबर्न, आणि ऑबर्नचा प्रशिक्षक जॉन हाइझमन. त्याच हाइझमनच्या नावानं आज अमेरिकेतल्या उत्तम कॉलेज खेळाडूला करंडक दिला जातो. सेवानी ११–१० असं एका गुणानं वाचलं. संपूर्ण मोसमात सेवानीविरुद्ध झालेले गुण हे एवढेच दहा. दोन दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलिनाशी ५–०. बारा सामने, बारा विजय, ३२२ गुण केले, १० दिले.

खेळाचं रूप लवकरच पालटलं. १९०५ मध्ये मैदानावरच्या मृत्यूंनी देशभर आरडाओरड झाली आणि अध्यक्ष रूझवेल्टनी विद्यापीठांच्या मंडळींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी पुढे फेकायला परवानगी मिळाली, दोन रांगांमध्ये मोकळी पट्टी आली आणि पाचऐवजी दहा यार्डांची अट लागली. १९१० मध्ये बाहेर गेलेल्या खेळाडूला पुढच्या क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या पुढच्या चतुर्थांशात, परत येण्याची मुभा मिळाली. १९१२ मध्ये चौथा डाउन आला, टचडाउनला सहा गुण झाले आणि मैदान १०० यार्डांचं झालं.

सेवानीचा संघ मोठ्या विद्यापीठांच्या शर्यतीत टिकला नाही. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या स्थापनेत हे विद्यापीठ होतं, पण तिथले सगळेच्या सगळे ३७ सामने हरून १९४० मध्ये ते बाहेर पडलं. आजही ते खेळतं, लहान विद्यापीठांच्या गटात.

ल्यूक ली पुढे अमेरिकन सेनेटवर निवडून गेला, नॅशव्हिलला वर्तमानपत्र काढलं आणि पहिल्या महायुद्धानंतर, जानेवारी १९१९ मध्ये, हॉलंडमध्ये आश्रयाला असलेल्या जर्मनीच्या कैसरला पळवून आणण्याचा उद्योगही करून पाहिला. तो फसला. साइबल्सचं नाव १९७३ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. सिमकिन्सचे पाय फुटबॉलच्या दुखापतींनी इतके निकामी झाले की पुढे ते कापावे लागले.